पंख्याचा आवाज आणि अप्पांचे बुवा

आवाज कमी करायचा होता, एवढंच. कुणाचं वाईट करायचं नव्हतं, नाव कमवायचं नव्हतं, जगाच्या पाठीवर कुणालाही त्रास द्यायचा नव्हता. ओळीने बसवलेल्या चिमुकल्या पंख्यांचा आवाज थोडा खाली आला असता, तर जावईबापू समाधानाने कामावर गेले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात ते अधिकारी आहेत, तिथे त्यांना तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे आणखी काहीबाही म्हणतात. पण त्यांचे सासरे, म्हणजे अप्पा, त्यांना लग्न झाल्यापासून जावईबापू म्हणत आले आहेत. या प्रकरणात त्यांनी जे जे उपद्व्याप केले ते निव्वळ जावई या नात्याने केले, म्हणून आपणही तेच म्हणू.

अप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. पाळी सुटली की बाकीची माणसं घरी जाऊन झोपत, अप्पा गावाबाहेरच्या तळ्यावर जात. खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून लव्हाळ्यात तासन्‌तास बसत आणि पाखरांचे आवाज टिपत. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका होता एक मातकट रंगाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. दिसायला अगदीच यथातथा. पण गळा असा, की दहा पाखरांच्या ताना उचलायचा, त्यात स्वतःची भर घालायचा, मध्येच थांबायचा आणि काहीतरी चुकल्यासारखं पुन्हा पहिल्यापासून धरायचा. अप्पा त्याला 'बुवा' म्हणत. बुवा दर थंडीत येत आणि ऊन तापलं की कुठेतरी निघून जात. कुठे, ते अप्पांना ठाऊक नव्हतं. मग ते तळं बुजवून तिथे वाहनतळ केला. त्या वर्षी अप्पा अख्खी थंडी वाहनतळाच्या कठड्याशी उभे राहून आले, शेवटी घरी येऊन म्हणाले, "बुवा गेले," आणि टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकला. उरल्या त्या कॅसेटी, आणि कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती.

इथे जावईबापूंनी उडी घेतली. रजा काढून त्यांनी एकेक कॅसेट चालवली आणि सगळं गाणं संगणकात उतरवून घेतलं. दुकानदार म्हणाला होता, हे सारं नखाएवढ्या कार्डावर मावेल. पण सासऱ्यांची आयुष्यभराची ठेव नखाएवढ्या कार्डावर ठेवणं जावईबापूंना शोभेना. त्यांनी एका मोठ्या कार्यालयाने मोडीत काढलेला सर्व्हर, म्हणजे दिवसरात्र चालणारा मोठा संगणक, पैदा केला. लांबलचक, पोलादी, दोघांनी उचलावा लागेल असा. आतल्या खोलीत बायकोच्या शिवणयंत्राशेजारी लोखंडी ट्रंकेवर त्याची स्थापना झाली. त्यात एका वेगळ्या कार्डावर यंत्र चालवणारं लिनक्स घातलं, कारण जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात असं त्यांनी वाचलं होतं. ते खरंही आहे, फक्त चालू यंत्राला उगाच हात लावायचा नसतो, ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. बुवांच्या गाण्याच्या दोन प्रती केल्या, दोन वेगळ्या डिस्कांवर, म्हणजे एक बिघडली तर दुसरी. दोन्ही डिस्का एकाच पेटीत होत्या ही गोष्ट विम्याच्या माणसाच्याही ध्यानात आली नाही. इतकी खबरदारी घेतल्यावर संगणकातली प्रत पुसून टाकली, आणि कॅसेटी तरी ठेवून काय करायचं, म्हणून वास मारणाऱ्या त्या कॅसेटी त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. अप्पांना हे सांगायचं राहून गेलं.

पहिल्यांदा ऐकवायला अप्पांना बोलावलं तेव्हा बायकोने खास त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली. सर्व्हर सुरू झाला, आणि त्यातले सगळे पंखे एकदम पिसाळले. विमान उडायच्या आधी जसं रोंरावतं तसा तो ट्रंकेवर रोंरावायला लागला, शिवणयंत्राच्या खणातली बटणं थरथरू लागली. या वादळात कुठेतरी बुवा गात होते. अप्पा कान पुढे करून बराच वेळ बसले. मग उठून, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान. यंत्राचा आवाज फार छान आहे."

अप्पा हे मनापासून म्हणाले होते. कुजकं बोलणं त्यांना येतच नाही, आणि म्हणूनच ते जावईबापूंच्या जिव्हारी लागलं. पुढच्या रविवारी या, म्हणाले, तोवर बंदोबस्त करतो.

बंदोबस्ताची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण आवाज आधीच पसरला होता. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी नियमावली घेऊन वर आले. निवासी जागेत गिरणी चालवता येत नाही, म्हणाले. ही गिरणी नाही, यात पक्षी आहेत, असं जावईबापूंनी सांगितल्यावर सेक्रेटरींनी पक्षी पाळण्याविषयीचं पान उघडलं. वरच्या मजल्यावरच्या मावशी निवृत्त परिचारिका, त्या जिन्यातूनच विचारत्या झाल्या, "ताप किती आहे त्याला?"

जावईबापूंनी पडद्यावर पाहिलं. यंत्राचं तापमान अगदी उत्तम होतं.

"ताप नाही आणि धाप लागलीय?" मावशी म्हणाल्या. "मग ते भ्यालंय. सोबत बसा जरा."

आश्चर्य असं, की यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावरही दुसऱ्या शब्दांत हेच लिहिलं होतं. या यंत्राला अनोळखी डिस्क दिसली की ते घाबरून सगळे पंखे सोडतं, आणि नव्या फर्मवेअरमध्ये त्याची ही भीती काढून टाकली आहे. आता फर्मवेअर म्हणजे कंपनीने यंत्राच्या अंगात मुरवून पाठवलेला स्वभाव. तो बदलता येतो, हे वाचून जावईबापू थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. दावे विभागात इतकी वर्षं काढून त्यांनी कुणाचा स्वभाव बदललेला पाहिला नव्हता, आणि इथे एका आज्ञेचं काम होतं! त्यांनी ती आज्ञा दिली. यंत्राने अदबीने विचारलं, अंगातल्या सगळ्याच भागांचं फर्मवेअर नवं करू का? जावईबापू म्हणाले, कर. इतका थोर प्रश्न विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पंखे पूर्वीपेक्षा जोरात फिरत होते आणि डिस्का नाहीशा झाल्या होत्या.

नाहीशा म्हणजे, हात लावला तर जागेवर होत्या. त्यांचे दिवेही लागत होते. पण यंत्राच्या लेखी त्या नव्हत्याच. झालं होतं ते असं: सगळ्या डिस्का एका कंट्रोलर नावाच्या पट्टीला जोडलेल्या असतात. लिनक्स आणि कंट्रोलर यांच्यात बोलणं घडवून आणतो तो ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्याच म्हणा. नव्या फर्मवेअरने कंट्रोलरचा स्वभाव बदलला आणि दुभाष्या मात्र जुनाच राहिला. आता दोघांचं पटत नव्हतं, आणि त्या भांडणाच्या पलीकडे, बंद दाराआड, बुवांच्या दोन्ही प्रती होत्या.

"मग होतं तसं परत करा ना," बायको म्हणाली. ती तोंडात टाचण्या धरून ब्लाउज बेतत होती.

जावईबापूंनी जुन्या फर्मवेअरवर जायची आज्ञा दिली. सुरक्षेच्या कारणास्तव मागे जाण्यास मनाई आहे, असं उत्तर आलं.

"कॅसेटी आहेत ना पण?" बायकोने विचारलं.

जावईबापूंनी भंगारवाल्याचं नाव घेतलं. बायकोने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या, आणि मग म्हणाली, "अहो, अप्पांना सांगणार कोण?"

 जगात त्या पाखराचा त्या तळ्यावरचा आवाज फक्त या पेटीत होता. तळं नव्हतं, पाखरू नव्हतं, कॅसेटी नव्हत्या, आणि हे सगळं त्यांनी ठेव सुरक्षित राहावी म्हणून केलं होतं.

नवा दुभाष्या आणायचं ठरलं. कंपनीच्या पानावर नवा ड्रायव्हर होता, पण तो म्हणाला, तुमचं लिनक्स जुनं आहे. लिनक्स नवं केलं, तर म्हणाला, हे माझ्या ओळखीचं नाही. पुष्कळ विनवण्या करून, कुठल्या कुठल्या सूचना वाचून तो एकदाचा बसवला, तर लिनक्सने त्याला दारातच अडवलं. याच्यावर विश्वासार्ह सही नाही, सबब प्रवेश नाकारण्यात येत आहे.

इथे मात्र जावईबापूंनी खुर्चीत बसल्या बसल्या नमस्कार केला. हे वाक्य त्यांचं होतं! जन्मभर त्यांनी हेच वाक्य लोकांना लिहिलं होतं, आणि आपल्याइतकं निर्विकारपणे ते कुणी लिहू शकेल असं त्यांना वाटलं नव्हतं. उपाय मात्र त्याहून थोर निघाला. स्वतःची सही स्वतः घडवायची, ड्रायव्हरवर ती स्वतः करायची आणि मग यंत्र उठत असताना त्याच्या निळ्या पडद्यासमोर समक्ष बसून सांगायचं, की या सहीवर विश्वास ठेव. त्यांनी तसं केलं. यंत्राने विश्वास ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकट्याच्या सहीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, वर आणखी दोघांच्या लागत. जावईबापूंचे डोळे किंचित पाणावले.

ड्रायव्हर आत गेला आणि डिस्का दिसल्या नाहीत.

मग मदतकेंद्राला फोन. पलीकडून एक अत्यंत गोड आवाजाची बाई बोलली. तिने यंत्राचा क्रमांक विचारला आणि क्षणभर थांबून म्हणाली, "सर, आमच्या नोंदीप्रमाणे हे यंत्र नष्ट करण्यात आलेलं आहे."

"अहो, ते माझ्यासमोर आहे."

"मूळ मालकांनी तसं कळवलंय, सर. चिरडून नष्ट."

"हा आवाज ऐका," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी फोन पंख्यांपाशी धरला.

"आवाज येतोय सर. खूप येतोय. पण नष्ट झालेल्या यंत्राला आम्हाला सेवा देता येत नाही. मूळ मालकांकडून ते अस्तित्वात असल्याचा दाखला आणलात तर बघता येईल."

महिन्याभरापूर्वीच जावईबापूंच्या टेबलासमोर एक गृहस्थ उभे होते. कागदोपत्री ते वारले होते, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला समक्ष आले होते. जावईबापूंनी त्यांना प्रेमाने बसवून, पाणी देऊन सांगितलं होतं, की तुमचं येणं पुरेसं नाही. आता ते गृहस्थ त्यांना एकसारखे दिसू लागले. तरीही त्यांनी मूळ मालकांच्या भांडारात फोन लावला. भांडारप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, चिरडताना मी स्वतः हजर होतो असं लिहून दिलंय मी. तुम्ही फोन केलाच नाहीत. आणि ती वस्तू तुमच्याकडे नाहीच." मग थोडं थांबून, माणुसकीने म्हणाले, "चालतंय का हो अजून?"

आता एकच दार उरलं होतं. लिनक्सचा कुणी एक मालक नाही. जगभर पसरलेली माणसं ते लिहितात, आणि प्रत्येक ड्रायव्हरची काळजी घेणारं कुणीतरी कुठेतरी असतं. त्यांना पत्र लिहायचं इंटरनेटवर एक सार्वजनिक ठिकाण आहे, तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं आणि कायमचं राहतं. हे वाचल्यावर जावईबापू हरखूनच गेले. या एका पट्टीच्या एका दुभाष्यासाठी सुद्धा कुणी माणूस नेमलेला असतो? नेमलेला नाही, बायको वाचून म्हणाली, आपणहून बसलेला असतो.

जावईबापूंनी पत्र लिहिलं. 'महोदय' पासून 'कळावे' पर्यंत, मधे प्रकरणाची पार्श्वभूमी, अर्जदाराची भूमिका आणि मागणी, असं रीतसर. पुरावा म्हणून काळ्या पडद्याचा फोटो काढून जोडला. पत्र गेलं. थोड्याच वेळात कुणा उतावळ्या गृहस्थाचं उत्तर आलं, की पत्र फार लांब आहे, फोटो पाठवू नयेत, मजकूर पाठवावा, आणि शिवाय फोटोत पडद्यापेक्षा तुम्हीच जास्त दिसता आहात. बायकोने फोटो मोठा करून पाहिला. काळ्या काचेत जावईबापू स्वच्छ उमटले होते. बनियन, खांद्यावर पंचा, आणि चेहऱ्यावर दाव्याचा निकाल विरुद्ध गेलेल्या माणसाचे भाव.

"हे काढून टाकता येईल ना?" त्यांनी विचारलं.

"कायमचं राहतं म्हणालात ना तुम्हीच," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. तिथलं हसू बाहेर ऐकू येऊ नये म्हणून तिने नळ सोडला, तरी आलंच.

मजकूर पाठवायचा म्हणजे यंत्राचा लॉग पाठवायचा. लॉग म्हणजे यंत्र उठताना स्वतःशी जे बोलतं ते. जावईबापूंनी तो पहिल्यांदाच नीट वाचायला घेतला आणि वाचता वाचता पंखे, बनियन, सेक्रेटरी, सगळं विसरले. यंत्र शून्यातून जागं होत होतं. आधी ते आपली स्मृती मोजतं. मग आपल्याला मेंदू किती आहेत ते बघतं आणि एकेकाला हाक मारून उठवतं. घड्याळ कुठेय ते शोधतं, काळ कोणता चाललाय ते ठरवतं. मग एकेक अवयव चाचपत जातं, हा आहे, हा आहे, हाही आहे. रोज सकाळी आपल्या डोळ्यांसमोर हे घडत होतं आणि आपण नुसतं "किती वेळ लावतंय" म्हणत होतो! त्यांनी बायकोला हाक मारली. तीही कात्री हातात घेऊन येऊन बसली, आणि दोघंजण एखाद्या तान्ह्या बाळाकडे बघावं तसं त्या पडद्याकडे बघत राहिली. अगदी शेवटाकडे ड्रायव्हरची ओळ होती. त्याने लिहिलं होतं, की कंट्रोलर उत्तर देत नाही, नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची काळजी घेणाऱ्या माणसाचं उत्तर आलं. ती एक बाई होती, पृथ्वीच्या वरच्या टोकाला कुठेतरी, जिथे थंडीत सूर्य जेमतेम डोकावतो अशा मुलुखात राहणारी. तिने लिहिलं होतं, तुमचा लॉग वाचला. ड्रायव्हरने नाद सोडल्यानंतरच्या ओळी तुम्ही वाचल्यात का? जावईबापूंनी वाचल्या नव्हत्या. नकारानंतरचं वाचायची त्यांना सवयच नव्हती. तिथे, ड्रायव्हर निघून गेल्यावर थोड्याच वेळात, कंट्रोलरने लिहिलं होतं: मी तयार आहे. ऐकायला कुणी नव्हतं, तरी त्याने ते लिहून ठेवलं होतं.

'नव्या फर्मवेअरला जुन्या डिस्का तपासायला जास्त वेळ लागतो,' बाईने पुढे लिहिलं होतं. 'ड्रायव्हरने किती वेळ वाट पाहायची तो आकडा पुष्कळ वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. याहून जास्त वेळ कुणाला लागणार नाही असं तेव्हा वाटलं होतं. चूक माझी आहे. सोबत एक पॅच पाठवते आहे, लावून बघा. आणि यंत्र उठत असताना कृपया हात लावू नका.' खाली तळटीप होती: 'फोटो आवडला. माझे वडीलही असेच बसतात.'

पॅच म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ. जावईबापूंनी ते उघडलं. त्यात फक्त एक आकडा बदललेला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा वर-खाली करून पाहिलं, पण आणखी काही नव्हतं. इतकं सगळं रामायण, आणि औषध काय, तर थोडं थांबा! ते ठिगळ लावून, ड्रायव्हर नव्याने घडवून, त्यावर आपली ती विश्वासाची सही करेपर्यंत रविवार उजाडला आणि दारावर बेल वाजली.

अप्पा आले होते. नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरीही नियमावलीसह आले आणि त्यांच्या पाठोपाठ रोग्याची विचारपूस करायला मावशी आल्या. आतली खोली भरली. जावईबापूंनी ठरवलं होतं, की आधी यंत्र चालू करायचं आणि चाललं तर काहीच सांगायचं नाही. पण अप्पा त्याच पुसलेल्या खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून, ऐकायच्या तयारीने बसले, आणि जावईबापूंना ते पाहवेना.

"अप्पा," ते म्हणाले, "गाणी आत अडकलीयत. निघतील की नाही सांगता येत नाही. आणि कॅसेटी मी देऊन टाकल्या. तुम्हाला विचारलं नाही."

खोलीत नुसते पंखे ऐकू येत होते. सेक्रेटरींनी नियमावली मिटली.

अप्पांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

 अप्पा रागावले असते तर जावईबापूंना सोसलं असतं. अप्पांनी फक्त चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि यंत्राकडे बोट केलं. "लावा," म्हणाले.

जावईबापूंनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. स्मृती मोजून झाली, मेंदू उठले, घड्याळ सापडलं. ओळी भराभर वर सरकल्या आणि ड्रायव्हरपाशी येऊन पडदा थबकला. काही होईना. पंखे जीव खाऊन ओरडत होते.  सेक्रेटरी म्हणाले, "अडकलंय. बंद करून पुन्हा चालू करा." मावशी म्हणाल्या, "नाडी आहे का बघा." बायकोने पदर तोंडाशी धरला. जावईबापूंचा हात बटणाकडे निघाला.

"हलू नका," अप्पा म्हणाले.

ते इतक्या हळू बोलले होते, तरी सगळे जागच्या जागी थिजले. अप्पा खुर्चीत थोडे पुढे झुकले होते, श्वाससुद्धा बेताने घेत होते. नजर पडद्यावर होती, पण बघत नव्हती, ऐकत होती. जावईबापूंनी आपल्या सासऱ्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. लव्हाळ्यात हा माणूस कसा बसत असेल, ते त्यांना आज दिसलं. तिथे काही होईल याची शाश्वती नसताना, गुडघाभर ओलीत, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी, रोज. आपण फक्त त्या सकाळींचा आवाज सांभाळायला निघालो होतो, आणि तोही हरवून बसलो. जावईबापूंना स्वतःची फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या बसण्याचं नवल वाटलं.

पडद्यावर एक ओळ उमटली. कंट्रोलर तयार आहे.

मग दुसरी, तिसरी, एकेका डिस्कचं नाव घेत ओळी येत गेल्या. अंगातला प्रत्येक अवयव ओळखीचा निघाला, तसं यंत्राचं भय गेलं असावं, कारण पंखे हळूहळू खाली येऊ लागले. रोंरावणं गेलं, घोंघावणं गेलं, भुणभुण उरली, तीही विरली. आठवडाभर त्या आवाजात राहिलेल्या घराला शांतता म्हणजे काय ते जणू नव्याने कळत होतं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. खालच्या रस्त्यावरून सायकल गेली तेही ऐकू आलं. मावशींनी हळूच सेक्रेटरींच्या दंडाला धरून त्यांना ट्रंकेच्या कडेवर बसवलं, आणि सेक्रेटरी निमूट बसले.

बायकोने पुढे होऊन गाणं लावलं.

आधी नुसती सकाळ ऐकू आली. पाणी, वारा, लांबवर कुठेतरी कुत्रं. मग बुवांनी सुरुवात केली. एक तान घेतली, मोडली, दुसऱ्याची उचलली, आपली जोडली, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा छातीत एवढं कुठून येतं, असं वाटून जावईबापूंच्या अंगावर काटा आला. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. अप्पांचे ओठ हलत होते, पुढची जागा कोणती येणार ते त्यांना पाठ होतं.

त्या संध्याकाळी बायकोने त्या लांबच्या बाईंना आभाराचं पत्र लिहिलं. डिस्का दिसल्या, यंत्र शांत झालं, आणि त्यात काय होतं तेही लिहिलं: वडिलांनी टिपलेलं एका पाखराचं गाणं, ते पाखरू आता येत नाही. थोडं गाणंही सोबत जोडलं. सार्वजनिक ठिकाणी नाही, खासगी, कारण जावईबापू एकदा चांगलेच पोळले होते.

उत्तर यायला काही दिवस लागले. आलं तेव्हा बायकोने ते वाचलं आणि काहीही न बोलता अप्पांना बोलावून घेतलं. मग अप्पा आणि जावईबापूंसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, एका वाक्याला तिला थांबावं लागलं. बाईने लिहिलं होतं, की तुमचं गाणं लावलं तेव्हा माझी खिडकी उघडी होती, आणि बाहेरून कुणीतरी उत्तर दिलं. आमच्या घरामागे दलदल आहे. बर्फ वितळलं की तिथे हे मातकट पाखरू दरवर्षी येतं आणि थंडी पडायच्या आत निघून जातं. ते कुठे जातं, हे मी लहानपणापासून सगळ्यांना विचारत आले आहे. तुमच्याकडे येत होतं तर! इथे ते अजून येतं. आज पहाटेचं गाणं सोबत पाठवते आहे.

जावईबापूंनी ते लावलं. यंत्र इतकं शांत होतं, की पंखे चालू आहेत ना, हे त्यांना वाकून पाहावं लागलं. पलीकडून, समुद्र आणि डोंगर ओलांडून, एका अनोळखी दलदलीतून बुवा गायला लागले. तीच मोडलेली तान, तेच थांबणं, तीच पुन्हा पहिल्यापासूनची सुरुवात. अप्पांनी एकदा ऐकलं. पुन्हा लावा म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"हे आपले नव्हेत," शेवटी ते म्हणाले. "आपल्यांचा नातू असेल, नाहीतर पणतू. शेवटची जागा याने बदललीय." मग आपल्याच बोलण्याचं आश्चर्य वाटल्यासारखे थोडे हसले. "आणि मी वाहनतळावर उभा होतो."

 जावईबापूंना वाटलं, आता अप्पा उठतील. पण अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि संगणकाकडे हात केला.

"जावईबापू, त्या बाईंना लिहा. थंडीत पाखरं इकडे यायला निघतील, तेव्हा त्यांना उतरायला आमच्याकडे पाणी नाही. ते आम्ही बुजवलं. तुमचं बुजवू देऊ नका म्हणावं."